मेंदूतली सूज नेमकं कोण घडवतं? टी-पेशी, बी-पेशी आणि पोटातली चौदा इंजेक्शनं

खाडीपलीकडे (मालवण)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, आज धागा काढायची वेळ आली.

धाकट्या बहिणीला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, असल्याचं निदान झालंय. वय सत्तावीस, शाळेत शिक्षिका. आधी डावा डोळा दुखायला लागला, बुबुळ फिरवलं की जास्तच. त्या डोळ्याने लाल रंग फिका दिसायचा. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं, आणि डोळा आपोआप बराचसा सुधारलाही. मग पाय बधिर व्हायला लागले, आणि मान खाली घातली की पाठीतून करंट गेल्यासारखं. एमआरआयमध्ये पांढरे डाग दिसले, पाठीतलं पाणी काढलं त्यात ऑलिगोक्लोनल बँड मिळाले. स्टिरॉइडची सलाइन झाली, आता चालते-फिरते आहे.

सहानुभूती घरी भरपूर मिळते आहे, इथे मला समजून घ्यायचंय. डॉक्टर म्हणाले, "तिची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटली आहे." ठीक. पुढचं औषध ते सुचवताहेत ते बी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींची एक जात) मारणारं आहे. मी नेटवर जिथे जिथे वाचलं तिथे एमएस हा टी-पेशींचा, म्हणजे दुसऱ्याच जातीच्या पांढऱ्या पेशींचा, आजार म्हणून लिहिलंय. मग मारायचं बी-पेशींना हे कसं? ओपीडीत बाहेर एवढी रांग असते की हे विचारायला तोंड उघडत नाही. कुणी या क्षेत्रातलं असेल तर लिहा.

रातांबा (कणकवली)

मेडिकलच्या काउंटरवर बसतो, डॉक्टर नाही. एवढंच सांगतो: निदान झाल्याची बातमी गावात फिरली की सल्ले सुरू होतील. फाइल एका जागी ठेवा, एमआरआयची सीडीसुद्धा. पुढे गोव्याला बांबोळीला जा, कोल्हापूरला जा नाहीतर मुंबईला, जुनी सीडी नसेल तर नव्या डागांची तुलना करता येत नाही.

तुमच्या मूळ प्रश्नासाठी सुरंगीताईंना बोलवा. त्या याच विषयात आहेत.

तात्या_दापोली

धाग्यावर लक्ष ठेवून आहे. एक जुनी गोष्ट विचारायची होती, इथे बसते की नाही ते तुम्ही ठरवा.

आमच्या तरुणपणी कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शनं. बेंबीच्या आजूबाजूला, रोज एक. आमच्या वाडीतल्या एका गड्याला ती घेताना मध्येच पायातली शक्ती गेली. लोक म्हणाले पिसाळला, पण त्याला पाण्याची भीती नव्हती, शुद्ध पूर्ण होती, आणि पुढे तो काठी टेकत बरीच वर्षं जगला. रेबीज झालेला माणूस जगत नाही हे शिक्षक म्हणून मला माहीत होतं. नंतर एका डॉक्टरांनी सांगितलं, लशीमुळे झालं. लशीने पाय कसे जातील हे कोडं मला आजवर आहे.

सुरंगी (वेंगुर्ला, सध्या पुणे)

तात्या, तुमची गोष्ट बसते आणि अगदी मधोमध बसते. खाडीपलीकडे, तुमच्या उत्तराची सुरुवात तिथूनच करते. प्रयोगशाळेत काम करते, रुग्ण तपासत नाही, त्यामुळे उपचाराचा निर्णय तुमच्या न्यूरोलॉजिस्टचाच.

ती चौदा इंजेक्शनं म्हणजे सेंपल लस. डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये कसौलीला तयार केली. रेबीजचा विषाणू मेंढीच्या मेंदूत वाढवायचा, तो मेंदू वाटायचा, फिनॉलने विषाणू निकामी करायचा आणि ते टोचायचं. म्हणजे रुग्णाला विषाणूबरोबर मेंढीचा मेंदूही टोचला जात होता. मज्जातंतूंवर मायलिन नावाचं चरबी आणि प्रथिनांचं आवरण असतं. मेंढीचं मायलिन आणि आपलं मायलिन यांत फरक फार थोडा. काही लोकांच्या शरीराने त्या परक्या मायलिनविरुद्ध पेशी तयार केल्या आणि त्या पेशींनी स्वतःच्या मेंदूतलं, पाठीच्या कण्यातलं मायलिन सोलून काढलं. तुमच्या वाडीतल्या गड्याचं वर्णन याच्याशी जुळतं. भारतात ही लस २००४-०५ च्या सुमारास बंद झाली. आता पेशींवर वाढवलेल्या विषाणूची लस मिळते, हातावर घ्यायची. तिच्यात मेंदूचा अंशही नसतो, तेव्हा कुत्रा चावल्यावर कुणी या गोष्टीने घाबरून लस टाळू नका.

पण विज्ञानाला या अपघाताने वाट दाखवली. १९३३ मध्ये न्यूयॉर्कला थॉमस रिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी माकडांना सशाचा निरोगी मेंदू पुन्हा पुन्हा टोचला. विषाणू अजिबात नाही, तरी काही माकडांचे पाय लुळे पडले आणि मेंदूत सूज व मायलिन गेलेले पट्टे सापडले. या प्रयोगातून निघालेला प्राण्यांमधला आजार आम्ही आजही वापरतो, ईएई म्हणतात त्याला.

मग प्रश्न: रक्तातलं काय हा आजार घडवतं? १९६० मध्ये फिलिप पॅटरसन यांनी दाखवलं की आजारी उंदराच्या लसिका गाठींतल्या (लिम्फ नोडमधल्या) पेशी दुसऱ्या उंदराला दिल्या तर आजार त्यालाही होतो. १९८१ मध्ये बेन-नून, वेकर्ले आणि कोहेन यांनी मायलिनमधलं एकच प्रथिन ओळखणाऱ्या टी-पेशी बशीत वाढवल्या, निरोगी उंदरांना टोचल्या, आणि उंदीर लुळे पडले. म्हणून तुम्हाला नेटवर सगळीकडे टी-पेशी दिसतात. सिद्ध केलेला गुन्हा त्यांचाच आहे.

उरलेलं रात्री लिहिते.

मी_मालवणी

सुरंगीताय, माका एक कळात नाय. आमच्याकडे एवढा वत, मासळी रोज ताटात. वाचलंय की ड जीवनसत्त्व कमी असलेल्या थंड देशांत ह्यां दुखणां जास्त. मगे आमच्याकडे इलां खयसून?

पांथस्थ (चिपळूण)

मी फिजिशियन, न्यूरोलॉजिस्ट नव्हे.

मी_मालवणी, थंड देशांत एमएस जास्त हे खरं, भारतात त्या मानाने बरंच कमी. पण कमी म्हणजे शून्य नाही. आणि ऊन बाहेर असून काय उपयोग, आपण दहा ते पाच छपराखाली. तपासायला घेतलं तर आपल्याकडे ड जीवनसत्त्व कमी असलेले ढिगाने मिळतात. धूम्रपान आणि एचएलए नावाच्या जनुकांचा एक विशिष्ट प्रकार हेही धोका वाढवतात.

सगळ्यात भक्कम पुरावा एका विषाणूचा आहे, एपस्टाइन-बार. अमेरिकी सैन्यातल्या १ कोटीहून अधिक लोकांच्या साठवलेल्या रक्तावरचा अभ्यास २०२२ मध्ये आला. या विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट वाढलेला आढळला. मात्र हा विषाणू जगातल्या बहुतेक प्रौढांच्या अंगात आहे, तुमच्या-माझ्याही. तेव्हा लागण लागते, पण नुसती लागण पुरत नाही. आणि हा विषाणू अंगात लपून राहतो तो कुठे, माहीत आहे? बी-पेशींत.

खाडीपलीकडे

आता मला जरा धागेदोरे दिसायला लागले. सुरंगीताई, रात्रीची वाट बघतोय.

सुरंगी

पेशी तयार झाली पोटात किंवा मानेतल्या गाठीत. ती मेंदूपर्यंत जाते कशी? पूर्वी मेंदूला प्रतिकारशक्तीच्या कक्षेबाहेरचा अवयव मानायचे. पीटर मेडावार यांनी १९४८ मध्ये सशाच्या मेंदूत परक्या त्वचेचा तुकडा ठेवला, तो सहज नाकारला गेला नाही, यावरून ही समजूत पक्की झाली. २०१५ मध्ये मेंदूच्या आवरणात लसिकावाहिन्या असल्याचं दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं. त्या मेंदूतला निचरा मानेतल्या गाठींपर्यंत नेतात. म्हणजे मेंदूत काय चाललंय याची खबर बाहेर पोचत असते.

मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, त्यामुळे साधी पेशी आत शिरू शकत नाही. चेतवलेल्या टी-पेशीवर एक चिकटणारा रेणू असतो, व्हीएलए-४. सूज आलेल्या वाहिनीच्या आतल्या भिंतीवर त्याचा जोडीदार व्हीसीएएम-१. या दोघांची गाठ पडली की टी-पेशी भिंतीला चिकटते, रक्तप्रवाहाच्या उलट दिशेने सरपटते आणि भिंतीतून पलीकडे जाते. उंदरांच्या मेंदूच्या आवरणावर सूक्ष्मदर्शक लावून हे प्रत्यक्ष चित्रित केलेलं आहे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जेवण विसरले होते.

आता खरी गंमत. आत शिरली म्हणजे काम झालं नाही. वाहिनी आणि मेंदूची ऊती यांच्यामध्ये एक चिंचोळी जागा असते. तिथे मॅक्रोफेज आणि डेंड्रिटिक पेशी बसलेल्या असतात. त्या मायलिनचे तुकडे गिळून, बारीक करून पृष्ठभागावर मांडतात. टी-पेशीला तिथे आपला तुकडा सापडला तरच ती पुन्हा चेतते. नाही सापडला तर बहुतेक तिथेच मरते किंवा परत जाते. एकटी टी-पेशी मेंदूत काहीही करू शकत नाही, तिला दाखवणारी पेशी लागते. नेटवरच्या लेखांत हाच भाग गाळलेला असतो, आणि सगळी औषधं समजतात ती इथूनच.

तुकडा सापडला की टी-पेशी रासायनिक निरोप सोडते. टीएच-१७ जातीच्या पेशी इंटरल्युकिन-१७ सोडतात, त्याने वाहिनीची भिंत आणखी ढिली होते. जीएम-सीएसएफ नावाचा निरोप तर सगळ्यात घातक, तो रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पेशींना बोलावून आक्रमक बनवतो. उंदरांत ज्या टी-पेशींना जीएम-सीएसएफ बनवता येत नाही त्या आजारच घडवू शकत नाहीत.

मेंदूत आधीपासून राहणाऱ्या पेशी वेगळ्या. त्या मायक्रोग्लिया. स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांना ओळख दिली. गर्भ अगदी लहान असतानाच त्या मेंदूत येऊन वसतात आणि नंतर तिथेच आपली संख्या टिकवतात, अस्थिमज्जेतून त्यांची भरती होत नाही.

दर्यावर्दी (रत्नागिरी)

म्हणजे मायक्रोग्लिया मूळ गाववाले आणि मोनोसाइट म्हणजे गणपतीला आलेले चाकरमानी. आठ दिवस गावात नुसता गोंधळ, मग एसटी भरून परत 😀

(चाकरमान्यांनी हलकं घ्या, मीही दादरला पंधरा वर्षं काढली.)

सुरंगी

दर्यावर्दी, हसले, पण तुम्ही नकळत बरोबर बोललात. २०११ मध्ये उंदरांवर नेमकं हेच दिसलं: सुजेच्या वेळी आलेल्या मोनोसाइट आजार ओसरल्यावर मेंदूतून नाहीशा होतात, मायक्रोग्लियांच्या कायमच्या वस्तीत त्यांची भर पडत नाही. आणि पाय लुळे पडण्याचं प्रमाण या बाहेरून आलेल्या पेशींच्या संख्येशी जुळतं. नंतरच्या अभ्यासांत, मायलिन सोलायला सुरुवात बहुतांशी मोनोसाइटपासून बनलेल्या मॅक्रोफेज करतात आणि मायक्रोग्लिया तुकडे उचलत असतात, असंही दिसलं.

पण गाववाले निष्पाप नाहीत हं. २०१७ मध्ये शेन लिडलो, बेन बॅरेस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की चेतलेल्या मायक्रोग्लिया तीन रेणू सोडतात, आयएल-१ अल्फा, टीएनएफ आणि सी१क्यू. हे तीन एकत्र मिळाले की शेजारच्या अॅस्ट्रोसाइट, म्हणजे एरवी चेतापेशींना पोसणाऱ्या पेशी, आपलं काम सोडतात आणि चेतापेशी व मायलिन बनवणाऱ्या पेशी मरायला कारण होतात. एमएसच्या रुग्णांच्या मेंदूत अशा अॅस्ट्रोसाइट सापडल्या आहेत. टी-पेशीने सुरुवात केली, मायक्रोग्लियाने पुढे नेलं, अॅस्ट्रोसाइटने घात केला. एकाच पेशीला पकडून शिक्षा द्यायला गेलात तर बाकीचं चालूच राहतं.

खाडीपलीकडे

आणि बी-पेशी? त्या अजून आल्याच नाहीत.

सुरंगी

येतात. बी-पेशी म्हटलं की आपल्याला अँटिबॉडी आठवतात. तुमच्या बहिणीच्या पाठीच्या पाण्यातले ते बँड म्हणजे मेंदूच्या आत बनलेल्या अँटिबॉडीच. म्हणून साहजिक तर्क असा होता की बी-पेशी मारल्या, अँटिबॉडी थांबल्या, की आजार थांबेल.

२००८ मध्ये रिटुक्सिमॅबची चाचणी प्रसिद्ध झाली, १०४ रुग्ण. हे औषध सीडी२० हा रेणू असलेल्या बी-पेशी नष्ट करतं. एमआरआयमधले चमकणारे, म्हणजे ताज्या सुजेचे, डाग ९१ टक्क्यांनी कमी झाले आणि तेही काही आठवड्यांत दिसू लागलं. पण अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर सीडी२० नसतो! त्या तशाच राहतात, पाठीच्या पाण्यातले बँडही तसेच राहतात. म्हणजे फायदा झाला तो अँटिबॉडी थांबल्यामुळे नव्हे.

मग कशामुळे? बी-पेशी उत्तम दाखवणाऱ्या पेशी आहेत. आपल्याला जुळणारं प्रथिन त्या नेमकं पकडतात, तुकडे करून टी-पेशीसमोर धरतात, वर आयएल-६ आणि जीएम-सीएसएफ सोडून तिला चेतवतात. बी-पेशी गेल्या की टी-पेशीला चिथावणारं माणूसच उरत नाही. टी-पेशींचा आजार बी-पेशी मारून आटोक्यात येतो तो असा. तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं आणि नेटवरचं म्हणणं, दोन्ही खरी आहेत.

२०१७ मध्ये याच जातीचं ओक्रेलिझुमॅब मंजूर झालं. आपल्याकडे किमतीमुळे रिटुक्सिमॅबच जास्त वापरतात. ते मुळात कर्करोगासाठी आलेलं औषध, पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये एमएससाठी ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं आहे. "कर्करोगाचं औषध माझ्या बहिणीला का देताय" असं कुणी घाबरवलं तर हे सांगा.

रातांबा

वाचनखूण साठवली. कर्करोगाचं म्हणून औषध परत करायला आलेली माणसं मी काउंटरवर पाहिली आहेत.

वैद्यबुवा_राजापूर

सगळं वाचलं. एवढी विषारी औषधं कशाला? रोज गुळवेलीचा काढा, प्रतिकारशक्ती मजबूत झाली की आजार आपोआप पळतो. आमच्या परड्यात वेल आहे, कुरिअर करेन.

पांथस्थ

बुवा, वरचं सगळं वाचलंत म्हणता, मग हे कसं लिहिता? इथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती चुकीच्या जागी जोरात आहे. तिला आणखी चेतवायचं कशासाठी?

हे नुसतं तर्काने म्हणत नाही. इंटरफेरॉन गॅमा हा प्रतिकारशक्ती चेतवणारा रेणू एमएसच्या रुग्णांना देऊन पाहिला होता, १९८७ मध्ये निष्कर्ष आले: एमएसचे झटके (लक्षणं नव्याने उसळणं) वाढले, चाचणी थांबवावी लागली. गुळवेलीबद्दल म्हणाल तर २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली, त्यातला प्रकार स्वतःवरच उलटलेल्या प्रतिकारशक्तीसारखा होता. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, हेही सांगतो. पण एमएस असलेल्या मुलीने हा प्रयोग स्वतःवर करू नये.

दुसरी बाजूही सांगतो, म्हणजे आम्हा अॅलोपॅथीवाल्यांनाच सगळं कळतं असं वाटू नये. टीएनएफ हा सुजेचा रेणू, सांधेवातात तो अडवला की रुग्ण सुधारतात. मग एमएसमध्येही अडवून पाहू म्हणून लेनरसेप्ट नावाचं औषध दिलं. १९९९ मध्ये निकाल आला: झटके वाढले. मेंदूत हाच रेणू दुसऱ्या ग्राहकाला (ग्राहक म्हणजे पेशीवरचा रिसेप्टर) जोडला गेला की दुरुस्तीलाही मदत करतो. म्हणून घरात कुणाला सांधेवातासाठी टीएनएफ अडवणारं इंजेक्शन चालू असेल आणि डोळा, पाय असं काही सुरू झालं, तर लगेच डॉक्टरांना सांगायचं.

वैद्यबुवा_राजापूर

बरं. कुरिअर रद्द.

सुरंगी

पांथस्थ यांना +१. आवरणाऱ्या पेशीही असतात हे राहिलंच होतं. नियामक टी-पेशी, बाकीच्यांना थोपवणाऱ्या. शिमॉन साकागुची, मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चं वैद्यकाचं नोबेल यांच्याच शोधासाठी मिळालं. नुसतं "वाढवा" किंवा "मारा" म्हणून भागत नाही ते यामुळे.

उंडी (सावंतवाडी)

थोडं अवांतर. आमच्या नात्यातली एक मुलगी, कॉलेजात जाणारी. अचानक रात्रभर बडबड, कुणीतरी मागे लागलंय म्हणायची, मग तोंड वेडंवाकडं हलायला लागलं, मग आकडी. घरच्यांनी देवस्कीत आठवडे घालवले. गाऱ्हाणं, नारळ, सगळं. शेवटी मोठ्या इस्पितळात नेलं, तिथे निघालं ऑटोइम्युन एन्सेफलायटिस. अंडाशयात गाठ होती. ती काढली, आज मुलगी नोकरी करते. हा याच जातीचा आजार का?

सुरंगी

अवांतर नाही, फार महत्त्वाचं. भावंडच म्हणा, पण रीत वेगळी. एनएमडीए ग्राहकाविरुद्धचा हा आजार जोसेप दाल्माउ यांनी २००७ मध्ये वर्णन केला. अंडाशयातल्या टेराटोमा गाठीत चेताऊती असू शकते. शरीर त्या ऊतीविरुद्ध अँटिबॉडी बनवतं आणि त्या मेंदूतल्या ग्राहकांना चिकटतात. इथे गुन्हेगार खरोखर अँटिबॉडीच. पण त्या पेशी मारत नाहीत, फक्त ग्राहकांना पृष्ठभागावरून आत ओढायला लावतात. अँटिबॉडी हटली की ग्राहक परत येतात, म्हणून माणूस एवढा बरा होतो. २०१३ च्या एका मोठ्या अभ्यासात उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के दोन वर्षांत चांगले सुधारले होते. सगळ्यांत गाठ असतेच असं नाही.

गाऱ्हाणं घालायला माझी ना नाही, माझी आजीही घालायची. पण तरुण पोर अचानक बदललं, त्यात आकडी किंवा वेड्यावाकड्या हालचाली असतील, तर गाऱ्हाणं आणि न्यूरोलॉजिस्ट एकाच दिवशी.

कोकेरी (दोडामार्ग)

आमच्याकडच्या माकडतापात पण डोक्यावर जातं म्हणतात. २०१६ पासून काजूचा हंगाम आला की धाकधूक. तो पण प्रतिकारशक्तीमुळे का?

पांथस्थ

नाही, तिथे सुरुवात विषाणूची. क्यासनूर जंगलातला, १९५७ मध्ये शिमोग्याकडे सापडलेला, गोचिडीतून येणारा. १० ते २० टक्के रुग्णांना तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला तापाची दुसरी फेरी येते, आणि तेव्हा तीव्र डोकेदुखी, कंप, गोंधळलेपण, दिसायला त्रास अशी लक्षणं दिसतात. ताप एकदा उतरला म्हणजे संपलं असं समजू नका. बागेत माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

खाडीपलीकडे

सगळ्यांचे आभार, एवढं मला वाचून चार महिन्यांत कळलं नसतं. आता दोन प्रश्न. एक, गेल्या आठवड्यात दुपारी चुलीजवळ उभी असताना तिच्या त्याच डोळ्यासमोर पुन्हा धुकं आलं. आम्ही घाबरून गाडी काढली, तोवर पंख्याखाली बसून बरं वाटलं. हा नवा झटका का? दोन, तिने विचारलंय की हे औषध घेतल्यावर आजार संपणार का.

पांथस्थ

पहिल्याचं उत्तर देतो. हे १८९० मध्ये उटहॉफ यांनी लिहून ठेवलंय. मायलिन गेलेल्या तंतूतून संदेश आधीच जेमतेम जात असतो, अंगाचं तापमान थोडंसं वाढलं तरी तो अडतो. नवी सूज नसते, थंड झालं की परत येतं. आपल्या एप्रिल-मे महिन्यातल्या दमटपणात बऱ्याच एमएसवाल्यांना हे होतं. गार पाण्याचा पंचा मानेवर, स्वयंपाक सकाळी लवकर, कडक पाण्याने आंघोळ नको. तापातही असंच होतं, म्हणून लघवीला जळजळ वगैरे असेल तर आधी तो संसर्ग बघायचा. मात्र लक्षण चोवीस तासांहून जास्त टिकलं आणि ताप-उष्मा काही नसेल, तर डॉक्टरांना फोन.

सुरंगी

दुसऱ्याचं उत्तर सरळ देते, तिने सरळ विचारलंय म्हणून. बी-पेशींवरची औषधं नवे झटके थांबवण्यात फार चांगली आहेत. आजार मुळापासून काढत नाहीत. काहींच्या मेंदूत वर्षानुवर्षं एक संथ सूज चालू राहते. वाहिन्यांची भिंत बंद, बाहेरून कुणी येत नाही, पण जुन्या डागांच्या कडेला चेतलेल्या मायक्रोग्लिया बसून असतात आणि आवरणात बी-पेशींचे पुंजके सापडतात. रिटुक्सिमॅबसारखे मोठे रेणू तिथे नीट पोचत नाहीत. म्हणून मेंदूत शिरू शकणाऱ्या, बी-पेशी आणि मायक्रोग्लिया दोन्हींतलं बीटीके नावाचं विकर (एन्झाइम) अडवणाऱ्या गोळ्यांवर काम चालू आहे. त्यातल्या टोलेब्रुटिनिबने झटके नसलेल्या दुय्यम प्रकारात (आधी झटके येऊन गेलेले, आता झटक्यांशिवाय हळूहळू वाढणारा) अपंगत्व वाढण्याचा धोका सुमारे ३१ टक्क्यांनी कमी केला, पण यकृताला इजा हा त्याचा गंभीर धोका आहे. तुमच्या बहिणीला आज ते लागू नाही. तिच्यासाठी आज महत्त्वाचं ते लवकर सुरू करणं, कारण सुरुवातीच्या वर्षांत सूज आवरली तर पुढचं नुकसान कमी होतं.

दार सरसकट बंद केलं तर काय होतं याचाही धडा आहे. व्हीएलए-४ अडवणारं नॅटालिझुमॅब नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आणि फेब्रुवारी २००५ मध्ये बाजारातून काढावं लागलं. टी-पेशी मेंदूत जाईनात तेव्हा एरवी गप्प असणारा जेसी विषाणू काही रुग्णांच्या मेंदूत वाढला. २००६ मध्ये ते कडक देखरेखीसह परत आलं. आता आधी जेसी विषाणूची तपासणी करून देतात.

मी_मालवणी

म्हणजे त्या पेशी आत जायत असत ता कायतरी कामासाठीच. आता कळला.

खाडीपलीकडे

औषधाची तारीख ठरायची आहे. आधी काय करून घ्यायचं? ती म्हणते, पावसाळ्यात शेतात उतरायचं की नाही तेही विचार.

पांथस्थ

हिपॅटायटिस बी आणि क्षयाची तपासणी औषधाआधी करतातच, झाली नसेल तर विचारा. हिपॅटायटिस बी लपलेला असेल तर या औषधाने तो उसळतो. भातलावणीचं म्हणाल तर लेप्टोचा धोका आपल्याकडे सगळ्यांनाच, तिला अंमळ जास्त समजा. पायाला जखम असेल तर चिखलात नाही, एरवी गमबूट. प्रतिबंधक डॉक्सीसायक्लिन घ्यायची का हे न्यूरोलॉजिस्टला विचारून, कारण बाकीच्या गोळ्या त्यांना माहीत. मूल हवं असेल तर तेही आत्ताच बोलून घ्या, लाजू नका.

सुरंगी

आणि लशी. बी-पेशी नसताना घेतलेल्या लशीने अँटिबॉडी नीट बनत नाहीत, म्हणून न्यूमोनियाची, हिपॅटायटिस बीची वगैरे ज्या द्यायच्या त्या औषधाआधी. निर्जीव लस निदान दोन आठवडे आधी, जिवंत विषाणूची लस द्यायचीच असेल तर चार आठवडे आधी, असं ओक्रेलिझुमॅबच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. औषध सुरू झाल्यावर जिवंत लस टाळतात. मात्र कुत्रा चावला तर रेबीजची लस कधीही, थांबायचं नाही. तेव्हा डॉक्टरांना एवढं आवर्जून सांगायचं की बी-पेशी मारणारं औषध चालू आहे, म्हणजे लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार अँटिबॉडी) देतात.

तात्या_दापोली

पोटात नाही ना?

सुरंगी

नाही तात्या. लस दंडात, इम्युनोग्लोब्युलिन चावल्याच्या जागी.